आधी ऊब, मग गोधडी : आंबवणाच्या इतिहासाचा एक धागा

१/ आज लढाया, तह आणि सनावळ्या थोड्या बाजूला ठेवू. आजचा धागा एका बादलीविषयी आहे. गेल्या जानेवारीत एडिंबरा शहरातील एका थंड खोलीत घरगुती बिअरची बादली आंबता आंबता मध्येच थांबली. तिच्यावरचा उपाय सापडला कोल्हापुरातील शाहूपुरीत, माझ्या आजीपाशी. आजीचे वय ८६. दारूच्या थेंबाला तिने आयुष्यात स्पर्श केलेला नाही. ही गोष्ट सांगताना मला कौटिल्यापासून कसौलीपर्यंत फिरावे लागणार आहे. सवडीने वाचा.

२/ माझा चुलतभाऊ, आमचा दादा, नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असतो. त्याने प्रथमच घरी बिअर करायला घेतली होती. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, २० लिटर काढा, त्यात हॉप्सची फुले आणि शेवटी यीस्ट. झाकणावरच्या एअरलॉकमधून दोन दिवस बुडबुडे आले आणि तिसऱ्या दिवशी बंद पडले. बादलीला चिकटवलेली तापमानाची पट्टी १३ अंश सेल्सियस दाखवत होती. दादाने तीन ब्लँकेटे गुंडाळली. दुसऱ्या दिवशीही १३ अंशच. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तिकडे दुपारचे चार. खिडकीबाहेर अंधारून येत होते आणि दादाचा चेहरा पडलेला होता.

३/ मी फोनवर त्याला धीर देत असताना आजी मागे येऊन उभी राहिली. पडद्यावरची ब्लँकेटात गुंडाळलेली बादली पाहून तिने क्षणात विचारले, "काय आंबायला घातलंयस रे? थांबलंय न्हवं?" दादा चाचरला. "जवाचं एक सरबत आहे, आजी." आजी म्हणाली, "बिअर म्हण की." मग ती काहीही न बोलता आत निघून गेली. खोलीचे दार लावल्याचा आवाज मला ऐकू आला. दादाने मान खाली घातली. आमच्या घरात दारू हा शब्दही कोणी मोठ्याने उच्चारत नाही. तो का, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

४/ त्या रात्री मला दोन प्रश्नांनी झोप लागू दिली नाही. नुसती गुंडाळलेली बादली पाहून आजीने आंबवण कसे ओळखले? आणि ती एवढी का दुखावली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पेठेच्या इतिहासातच होते. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. रेल्वे हाताशी, पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आणि गावोगाव गुऱ्हाळे. शाहूपुरीचे नाव गुळाच्या व्यापाराशी जोडले गेले ते तेव्हापासून.

५/ माझे आजोबा याच पेठेत एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर सौदे, पट्ट्या, खतावण्या. संध्याकाळी मात्र ते आयुर्वेदाच्या पोथ्या उघडून बसत. वैद्यकी हा त्यांचा धंदा नव्हता, तो त्यांचा छंद होता. दर हिवाळ्यात नवा गूळ आला की घरापुरते द्राक्षारिष्ट करीत. काळ्या मनुकांचा काढा, गूळ, दालचिनी, वेलची, मिरी, पिंपळी आणि धायटीची लाल फुले. हे मिश्रण चिनी मातीच्या बरणीत भरून, तोंडाला फडके बांधून त्यावर मातीचा लेप देत. आजी १८ व्या वर्षी या घरात आली. त्या बरण्यांची राखण नंतर तिच्याकडे आली.

६/ येथे जरा थांबू. आसव आणि अरिष्ट ही दोन्ही आंबवलेली औषधे. शार्ङ्गधरसंहितेत भेद असा सांगितला आहे : औषधी न शिजवता घातल्या तर आसव, काढा करून घातल्या तर अरिष्ट. प्रमाण सांगितलेले नसेल तेथे वापरायचा एक सर्वसाधारण नियमही त्याच ग्रंथात आहे. एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश औषधी चूर्ण. म्हणजे औषधाचे नाव काहीही असो, आंबवणाला खाद्य गुळाचेच. चरकसंहितेत तर ८४ आसवांची गणती केलेली आहे.

७/ बिअरकडे पाहा. जवाचा काढा, त्यातील साखर, सुगंधी फुले आणि यीस्ट. रचना तीच. आपल्याकडे धान्यापासूनची मद्येही जुनीच आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात 'मेदक' नावाच्या मद्याचे माप दिले आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. हे 'किण्व' म्हणजे आंबवण सुरू करणारे विरजण. आजच्या पाठ्यपुस्तकातील 'किण्वन' हा शब्द तेथूनच चालत आलेला आहे.

८/ आता बरणी ठेवायची कोठे? परंपरेत याचे उत्तर 'धान्यराशी' असे आहे. बरणी धान्याच्या ढिगात पुरून ठेवायची. आमच्या घरी ती भाताच्या कणगीत जाई. कोल्हापुरात जानेवारीच्या रात्री पारा साधारण १५ अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याहूनही खाली. दिवसा ऊन कडक. बाहेर ठेवलेली बरणी दिवसा तापेल आणि रात्री गारठेल. भाताच्या दाण्यांमध्ये हवा अडकलेली असते. ती उष्णतेला सहज बाहेर जाऊ देत नाही आणि आतही येऊ देत नाही. म्हणून कणगीच्या पोटात दिवस-रात्रीचा फरक फारसा पोहोचत नाही.

९/ आंबवण चालू आहे की संपले, हे कळण्याच्या खुणाही ठरलेल्या होत्या. बरणीला कान लावायचा, आत बारीक सळसळ ऐकू येते का ते पाहायचे. पेटती काडी तोंडाशी न्यायची. ती विझली तर आत कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आहे, म्हणजे काम चालू आहे. काडी जळत राहिली आणि धायटीची फुले तळाशी बसली, की अरिष्ट तयार. दादाच्या एअरलॉकमधले बुडबुडे आणि आजीच्या कानाला ऐकू येणारी सळसळ ही एकाच वायूची दोन रूपे आहेत. तिने बादली का ओळखली, ते आता ध्यानात येईल.

१०/ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सकाळी मिळाले. चहा पिता पिता आजी स्वतःहून बोलू लागली. तिचा थोरला भाऊ हातभट्टीच्या दारूने गेला. मागे बायको आणि तीन लहान मुले. त्या मुलांपैकी एक आमच्या घरी वाढला. ते काका मी लहानपणापासून पाहिलेले आहेत, पण ते आमच्याकडे का वाढले हे कधी विचारले नव्हते. आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या बरण्या मी राखल्या. चमच्यानं मोजून औषध दिलं. आणि माझा भाऊ तांब्यानं प्यायला. आंबवण दोन्हीकडं सारखंच असतंय बघ."

११/ ही रेघ कोठे ओढायची, हा प्रश्न केवळ आजीचा नव्हता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरही त्यात निर्बंध होते. एफ. एन. बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या अंशाने उचलून धरला, परंतु अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील निर्बंध अवैध ठरवले. औषध आणि दारू यांच्यामधली रेघ न्यायालयालाही अशी शब्दाशब्दाने आखावी लागली.

१२/ म्हणून एक स्पष्ट सूचना. महाराष्ट्रात परवान्याविना घरी बिअर वा कोणतीही दारू गाळणे, आंबवणे हा आजही गुन्हा आहे. हा धागा कृती सांगण्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पर्यंत घरगुती बिअरलाही परवाना लागत असे. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी, विक्रीसाठी नव्हे, बिअर करता येते. दादाचे कृत्य त्याच्या देशी कायदेशीर होते. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "कायदा तिकडचा. पोरगं आमचं."

१३/ एवढे बोलून तिने विचारले, "गुंडाळायच्या आधी तापवलं होतं का त्यानं?" मी नाही म्हणाले. त्यावर ती हसली. "गार दुधाला गोधडी गुंडाळून दही लागतंय व्हय?" या एका वाक्यात दादाची चूक पकडली गेली. गोधडी ऊब देत नाही. आत असलेली ऊब ती राखते. आत गारठा असेल, तर गोधडी गारठाच राखते.

१४/ इतिहासात याचा सुंदर पुरावा आहे. १८३३ मध्ये बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 'टस्कनी' या जहाजातून कलकत्त्याला बर्फ पाठवला. निघताना सुमारे १८० टन, चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक! अमेरिकेचा असा बर्फ पुढे मुंबईतही येऊ लागला. या व्यापारात बर्फ टिकवला जाई तो लाकडाच्या भुशात दाबून. आपला बर्फवाला लादीवर गोणपाट टाकतो तेही याचसाठी. भुसा, गोणपाट, कणगीतले भात, गोधडी : सर्वांचे काम एकच, उष्णतेची ये-जा अडवणे.

१५/ मग ऊब येते कोठून? आधी थोडी आपण द्यायची, उरलेली यीस्ट देते. बिअरच्या एल या प्रकारातील यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. १३ अंशांच्या खाली-वर ते सुस्तावते आणि तळाशी जाऊन बसते. मरत नाही, झोपते. (लागर प्रकारातील यीस्ट मात्र ८ ते १३ अंशांतही काम करते.) यीस्ट जागे असले, की साखर खाताना उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे जोरात आंबणारी बादली खोलीपेक्षा काही अंशांनी उबदार राहते. गोधडीने राखायची असते ती ही ऊब. झोपलेल्या यीस्टकडे राखण्यासारखे काही नसते.

१६/ थंड प्रदेशांतील लोकांना हे पूर्वापार ठाऊक होते. नॉर्वेच्या शेतघरांत 'क्वाइक' नावाचे यीस्ट पिढ्यानपिढ्या जपलेले आहे. लाकडी कड्यांवर वाळवून ते पुढच्या वेळेसाठी ठेवत. वॉस भागात ते जवळजवळ ४० अंशांच्या, म्हणजे चांगल्या कोमट, काढ्यात घालतात आणि मग भांडे गुंडाळून ठेवतात. हिमालयातील छांगची रीतही हीच. शिजवलेले धान्य कोमट होऊ द्यायचे, त्यात यीस्टची वडी कुस्करायची आणि भांडे घोंगड्यांत गुंडाळायचे. क्रम सगळीकडे सारखा : आधी ऊब, मग गोधडी.

१७/ तापमापकाच्या आधी 'कोमट' मोजायचे कशाने? हाताने. आपल्याकडे विरजण लावताना दुधात बोट बुडवतात. इंग्रजीतही जुन्या कृतींत धारोष्ण दुधाइतके कोमट असे माप आढळते. १७५८ मध्ये मायकेल कॉम्ब्रून या इंग्रज बिअरकाराने तापमापकाच्या आधारे बिअर करण्यावर निबंध प्रसिद्ध केला. काही वर्षांनी जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने वडिलांच्या कारखान्यात तापमापक वापरायला सुरुवात केली. वडिलांना ते खूळ पसंत नव्हते, म्हणून तो ते लपवून ठेवी, असे सांगतात. हाताचा अनुभव आणि काचेची नळी यांच्यातील हे भांडण त्या काळी घराघरांत झाले असणार.

१८/ आता नाण्याची दुसरी बाजू. बिअरच्या इतिहासात गारठ्यापेक्षा उष्णतेची भीती मोठी. १५५३ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदी घातली, कारण उन्हाळी बिअर नासत असे. हिंदुस्थानातही इंग्रजांनी बिअरसाठी थंड डोंगर शोधले. १८५० च्या दशकात एडवर्ड डायर याने कसौलीला कारखाना काढला. हे आडनाव ओळखीचे वाटले ना? जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर हा त्याचाच मुलगा.

१९/ आत नेमके काय घडते, हे मात्र फार उशिरा कळले. लुई पाश्चरने १८५७ पासून आंबवण हे सूक्ष्म जीवांचे काम असल्याचे दाखवले आणि १८७६ मध्ये बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. शार्ङ्गधराला यीस्ट दिसलेले नव्हते. धान्यराशीत बरणी पुरणाऱ्यांनाही नाही. पण त्याला काय मानवते, एवढे त्यांनी निरीक्षणाने ओळखले होते.

२०/ त्या दिवशी संध्याकाळी आजीने स्वतः दादाला फोन लावायला सांगितले. सूचना अशा होत्या. एक, बादली फरशीवरून उचल, खाली पाट ठेव, गार फरशी ऊब ओढून घेते. दोन, मोठ्या टबात कोमट पाणी घे आणि बादली त्यात ठेव. उकळते पाणी नको, जीव जाईल. तीन, तळाशी बसलेले हलक्या हाताने वर काढ, घुसळू नकोस. चार, ऊब आल्यावरच गोधडी गुंडाळ. पाच, सारखे झाकण उघडून बघू नकोस. दादा वहीत लिहून घेत होता. फोन ठेवण्याआधी ती थांबून म्हणाली, "आणि मोजून पी, लेका. माझा भाऊ मोजायचा नाही." दादाने फक्त "हो आजी" म्हटले.

२१/ दादाने टबातले पाणी दोनदा बदलले. पट्टी १९ अंशांवर आल्यावर त्याने बादलीला गोधडी गुंडाळली, आजीनेच जुन्या नऊवारीतून शिवून दिलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा संदेश आला. शब्द नव्हते, केवळ २० सेकंदांचा आवाज होता : बुड, बुड, बुड. मी तो आजीच्या कानाशी धरला. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "चाललंय." मग पुन्हा एकदा लावायला सांगितले.

२२/ एक कबुली देऊन थांबते. आजोबांच्या बरण्यांपैकी एक अजून आमच्या माळ्यावर आहे. कणगी नाही. घर पाडून इमारत झाली तेव्हा ती गेली. मी इतिहास शिकले, पोथ्यांतली मापे पाठ केली, परंतु बरणीला कान लावून काय ऐकायचे, हे मी आजीला कधी विचारले नव्हते. तिच्या भावाविषयीही नाही. त्यासाठी स्कॉटलंडमध्ये एक बादली गारठावी लागली. या हिवाळ्यात मी तिच्यासमोर बसून सगळे उतरवून घेते आहे. किती गूळ, किती फुले, कणगीत किती खोल. मामांविषयीही लिहिते आहे, ती सांगेल तेवढेच.

२३/ तुमच्या घरी थंडीत विरजण, आंबोळीचे पीठ किंवा आंबील कशात गुंडाळून, कोठे ठेवत असत? चुलीच्या वैलाजवळ, पेंढ्यात, तांदळाच्या डब्यात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत या धाग्याखाली लिहा. गावाचे नाव अवश्य द्या. पुढच्या रविवारी त्या सर्व उत्तरांचा एकत्र धागा करीन. आजीने विचारले आहे, कोकणात काय करतात म्हणून.